‘सांत’च्या जागी ‘आयडियल’ लिहिलं की नेमकं काय बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा होता. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याला मार्गदर्शकांनी दोन विषयांचे पेपर एकदमच वाचायला दिलेत: टोपॉलॉजीतली सिलेक्शन प्रिन्सिपल्स आणि फलनांचं आयडियल कन्व्हर्जन्स. (आयडियल म्हणजे ‘दुर्लक्ष करण्याजोग्या’ संचांचा समूह, नेमकी व्याख्या खाली येते.) त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? आणि जुन्या प्रमेयात जिथे जिथे ‘सांत संच सोडून’ असं आहे तिथे ‘आयडियलमधला संच सोडून’ असं लिहिलं की नवा पेपर तयार होतो, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते टोचणारं आहे. बऱ्याच वेळा खरं आहे. या क्षेत्रात असे पेपर भरपूर आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची सिद्धता जुन्या सिद्धतेवर ‘शोधा आणि बदला’ चालवून मिळते. पण काही आयडियल असे आहेत की ते घातल्यावर प्रमेयात नवं काहीच राहत नाही, काही असे की प्रमेयाचा अर्थच उडून जातो, आणि या दोन टोकांच्या मध्ये खरं काम आहे. हातातला आयडियल कुठे बसतो हे अर्ध्या पानात तपासता येतं, आणि ते न तपासता लिहायला बसू नये. ते कसं तपासायचं हे खाली दाखवतो. त्यासाठी आधी पहिल्या प्रश्नाकडे जावं लागेल.

सिलेक्शन प्रिन्सिपल्सची मुळं १९२४ मध्ये कार्ल मेंगर यांच्या एका गुणधर्मात आहेत. १९२५ मध्ये विटोल्ड हुरेविच यांनी त्याला आज आपण वापरतो ते रूप दिलं: ओपन कव्हरांची (म्हणजे अख्खा अवकाश झाकणाऱ्या ओपन संचांच्या समूहांची) कोणतीही क्रमिका द्या, प्रत्येक कव्हरातून सांत संख्येने संच असे उचलता येतात की उचललेले सगळे मिळून पुन्हा कव्हर होतं. कॉम्पॅक्ट अवकाशात हे उघडच आहे, कॉम्पॅक्ट संचांच्या गणनीय संयोगातही. याच्यापलीकडे मेट्रिक अवकाशात काही नसणार असा मेंगर यांचा कयास होता. तो चुकीचा असल्याचं नेहमीच्या गृहीतकांतूनच, म्हणजे झेडएफसीमध्येच, फ्रेमलिन आणि मिलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं. प्रत्येक कव्हरातून एकच संच उचलायचा, ही कडक अट रोथबर्गर यांची, १९३८ ची. १९९६ मध्ये मारियन शीपर्स यांनी हे सगळे विखुरलेले गुणधर्म एका साच्यात बसवले: ‘अ’ प्रकारच्या कव्हरांची क्रमिका घ्या, प्रत्येकातून एक उचला, हाती ‘ब’ प्रकारचं कव्हर यायला हवं. याला एस-वन(अ, ब) म्हणतात. एकाऐवजी सांत संख्येने उचलायचे असतील तर एस-फिन.

आपल्या कामाचा प्रकार म्हणजे गॅमा-कव्हर. ओपन संचांची क्रमिका, आणि प्रत्येक बिंदू सांत संख्येचे अपवाद सोडून बाकी सगळ्या संचांत. हे वाक्य नीट बघा. ‘सांत संख्येचे अपवाद सोडून’ ही भाषा कव्हरांची कमी आणि अभिसरणाची जास्त आहे. पूल नेमका इथेच आहे.

पूल असा. अवकाशावर संतत फलनांची क्रमिका आहे. न-व्या फलनाची क्ष या बिंदूवरची किंमत फ(न, क्ष) लिहू, आणि ती प्रत्येक बिंदूवर शून्याकडे जाते असं समजू. एक क धरा. ज्या बिंदूंवर न-व्या फलनाची निरपेक्ष किंमत १/२^क पेक्षा कमी आहे, त्या बिंदूंच्या संचाला उ(क, न) म्हणू. फलन संतत म्हणून हा संच ओपन. बिंदुशः अभिसरण म्हणजे दुसरं काही नाही: प्रत्येक क साठी उ(क, १), उ(क, २), … हे गॅमा-कव्हर आहे. आता एस-वन(गॅमा, गॅमा) लावा. क-व्या कव्हरातून एक संच उचला, उ(क, न_क). उचललेले संच गॅमा-कव्हर करतात, म्हणजे प्रत्येक क्ष साठी, काही क सोडले तर, |फ(न_क, क्ष)| < १/२^क. क-व्या कव्हरातले पहिले क संच आधीच काढून टाका म्हणजे न_क मोठे मोठे होत जातील. मग विरळ करून त्यांना चढत्या क्रमात लावा. (एखादा उ(क, न) अख्खा अवकाशच झाला तर तो भाग वेगळा हाताळावा लागतो, पण तो सोपा आहे.)

हाती काय आलं? एक उपक्रमिका आणि शून्याकडे जाणाऱ्या सहनमर्यादांची एक यादी, जी सगळ्या बिंदूंना सामाईक आहे. प्रत्येक बिंदू कधी ना कधी त्या यादीच्या आत येतो आणि आतच राहतो, फक्त कधी येतो ते बिंदूगणिक वेगळं. हे एकसमान अभिसरणापेक्षा कमी आणि बिंदुशः अभिसरणापेक्षा जास्त. चासार आणि लाचकोविच यांनी १९७५ मध्ये याला इक्वल कन्व्हर्जन्स म्हटलं. स्लोव्हाकियात तेच क्वासीनॉर्मल या नावाने चालतं. १९९१ मध्ये बुकोव्स्की, रेत्सवाव आणि रेपित्स्की यांनी उलटा प्रश्न विचारला: कोणत्या अवकाशांवर संतत फलनांचं शून्याकडे जाणारं प्रत्येक बिंदुशः अभिसरण आपोआप क्वासीनॉर्मल असतं? ते क्यूएन अवकाश. निदान एखादी उपक्रमिका तशी मिळत असेल तर डब्ल्यूक्यूएन. म्हणजे वर जे केलं ते शीपर्स यांचं प्रमेय आहे: एस-वन(गॅमा, गॅमा) असेल तर डब्ल्यूक्यूएन असतोच. उलट दिशा, विशेषतः वास्तव संख्यांच्या उपसंचांसाठी, हा शीपर्स यांचा प्रसिद्ध कयास. तिथे अडचण अशी की ओपन संचावरून संतत फलन बनवताना काठावर घोळ होतो. संच क्लोपन, म्हणजे ओपनही आणि संवृतही, असेल तर त्याच्या पूरकाचं दर्शक फलन संततच असतं आणि काम सरळ होतं.

कॉम्पॅक्ट अवकाश इथेही पास होत असतील असं वाटणं साहजिक आहे. होत नाहीत, आणि त्याचं उदाहरण प्रत्येकाने एकदा हाताने करावं. [०, १] घ्या. त्यातल्या १ सोडून सगळ्या परिमेय संख्यांची यादी करा: र१, र२, र३, … न-व्या फलनासाठी प्रत्येक र_ज च्या उजवीकडे एक त्रिकोणी सुळका उभा करा, पाया र_ज पासून र_ज + २/न पर्यंत, टोक र_ज + १/न वर, उंची १/२^ज. सगळ्या सुळक्यांची बेरीज म्हणजे न-वं फलन. ते संतत आहे. कोणत्याही एका बिंदूवर पहिले काही सुळके न वाढला की सरकून जातात आणि उरलेल्यांची बेरीज हवी तितकी लहान, म्हणून किंमत शून्याकडे जाते. पण कोणतंही अंतराल घ्या, त्यात एखादा र_ज असणारच, आणि न पुरेसा मोठा झाल्यावर त्याच्या सुळक्याचं टोक त्या अंतरालातच राहतं. त्यामुळे तिथे फलनाची कमाल किंमत १/२^ज च्या खाली कधीच जात नाही. उपक्रमिका घेतली तरी हेच. आता एखादी उपक्रमिका क्वासीनॉर्मल असेल असं समजा. ‘क-व्या पदापासून पुढे सहनमर्यादेच्या आत’ असलेल्या बिंदूंचे संच संवृत, त्यांचा संयोग अख्खं [०, १]. बेअर यांच्या प्रमेयाने एकात तरी अंतराल आहे, आणि त्या अंतरालावर अभिसरण एकसमान. विसंगती. म्हणजे [०, १] डब्ल्यूक्यूएनसुद्धा नाही.

दुसऱ्या बाजूला, लहान संच नेहमी पास होतात. किती लहान? ‘बी’ या अंकापेक्षा कमी. नैसर्गिक संख्यांवरून नैसर्गिक संख्यांवर जाणाऱ्या फलनांचा असा समूह, ज्याला कोणतंही एक फलन शेवटी शेवटी झाकू शकत नाही, तो कमीत कमी केवढा असतो, हे बी सांगतो. प्रत्येक बिंदू ‘१/२^क च्या आत कायमचा कधी येतो’ याचं एक फलन देतो. बिंदू बी पेक्षा कमी असतील तर ही सगळी फलनं एकाने झाकली जातात, आणि त्या एकावरून सहनमर्यादांची यादी लिहून काढता येते. सिद्धता संपली. गणनीय संच तर यात येतातच.

आता आयडियल. नैसर्गिक संख्यांच्या उपसंचांचा असा समूह की त्यातल्या संचाचा उपसंच त्यातच, दोघांचा संयोग त्यातच, सगळे सांत संच त्यात, आणि अख्खा नैसर्गिक संख्यांचा संच मात्र त्यात नाही. त्यातल्या संचांना ‘दुर्लक्ष करण्याजोगे’ समजायचं. घनता शून्य असलेल्या संचांचा आयडियल सगळ्यांना माहीत असतो: त्यावरून स्टॅटिस्टिकल कन्व्हर्जन्स येतं, जे फास्ट आणि स्टाइनहाउस यांनी १९५१ मध्ये मांडलं. कोणताही आयडियल घेऊन हीच गोष्ट करण्याची आजची मांडणी कोस्टिर्को, शालात आणि विल्चिन्स्की यांची, २००० च्या सुमाराची. क्यूएन अवकाशांवर हे रोपटं लावलं ते आपल्याकडे, कोलकात्यात. जादवपूर विद्यापीठातल्या प्रतुलानंद दास यांनी देबराज चंद्र यांच्यासोबत २०१३ मध्ये आयडियल-क्यूएन अवकाश अभ्यासायला घेतले, आणि पुढे स्लोव्हाकियातल्या कोशित्सेच्या मंडळींबरोबर, बुकोव्स्की आणि शुपिना यांच्याबरोबर, ते काम वाढवलं.

व्याख्या सोपी. फलनं प्रत्येक बिंदूवर शून्याकडे जातात, नेहमीच्या अर्थाने. आयडियल-क्यूएन म्हणजे सहनमर्यादांची यादी ट(१), ट(२), … अशी मिळावी की ती आयडियलच्या अर्थाने शून्याकडे जाते (कोणतीही धन संख्या घ्या, ट(न) तिच्याएवढी किंवा मोठी असणारे न आयडियलमध्ये), आणि प्रत्येक क्ष साठी |फ(न, क्ष)| ≥ ट(न) असणारे न आयडियलमध्ये येतात. जुना क्यूएन अवकाश या अर्थाने पास होतोच. प्रश्न असा की नवे अवकाश आत येतात का.

घनतेचा आयडियल घेऊन बघा. हा पी-आयडियल आहे. त्याचा इथला उपयोग एवढाच की ट ची यादी आयडियलच्या अर्थाने शून्याकडे जात असेल, तर एका घनता-शून्य संचावरच्या किंमती बदलून ती नेहमीच्या अर्थाने शून्याकडे नेता येते आणि अपवादांत फक्त तो एक संच वाढतो. तेव्हा ट नेहमीच्या अर्थानेच शून्याकडे जाते असं धरू. आता २^क ते २^(क+१) − १ या संख्यांचा गट करा, त्याला ग_क म्हणू. दिलेल्या क्रमिकेतलं क-वं फलन ग_क मधल्या प्रत्येक स्थानावर पुन्हा पुन्हा लिहा. ही नवी, ताणलेली क्रमिकाही शून्याकडे जाते, म्हणून आयडियल-क्यूएनने तिच्यासाठी ट मिळते. एखाद्या क्ष चे अपवाद अनंत गटांना पुरे गिळू शकत नाहीत, कारण एक अख्खा गट गिळला की २^(क+१) पर्यंतच्या संख्यांतला निम्मा भाग गेला, आणि अनंत वेळा निम्मा भाग जात असेल तर घनता शून्य कुठली? म्हणजे काही क सोडले तर प्रत्येक गटात एक तरी स्थान असं आहे जिथे क-व्या फलनाची क्ष वरची किंमत तिथल्या ट पेक्षा कमी आहे. गटातली सर्वांत मोठी ट घ्या. ती क वाढला की शून्याकडे जाते. झालं, मूळ क्रमिका साध्या अर्थाने क्वासीनॉर्मल आहे. घनता घालून नवा अवकाश एकही मिळाला नाही.

या सिद्धतेत घनतेचं खास काहीच नाही. लागले ते सांत गट, ज्यांतले अनंत गट एकदम कोणताही ‘दुर्लक्षणीय’ संच गिळत नाही. जलाली-नैनी आणि तालाग्रां यांचं प्रमेय सांगतं की असे गट मिळणं आणि आयडियल मीगर (बेअर यांच्या प्रमेयाच्या अर्थाने लहान) असणं ही एकच गोष्ट आहे. सूत्राने लिहून दाखवता येणारे, बोरेल किंवा विश्लेषक, सगळे आयडियल मीगर असतात. म्हणजे पुस्तकात नाव असलेला कोणताही पी-आयडियल घेऊन ‘आयडियल-क्यूएन अवकाश’ असा पेपर लिहायला बसलात, आणि फलनं साध्या अर्थाने शून्याकडे जाणारी धरलीत, तर जुनाच पेपर पुन्हा लिहिताय. याबाबतीत मी कडक आहे. परीक्षक म्हणून असे पेपर परत पाठवतो.

आता दुसरं टोक. प्रत्येक नैसर्गिक संख्येला भागणारा २ चा सर्वांत मोठा घात बघा. विषम संख्यांचा एक थर, २, ६, १०, … यांचा दुसरा, ४, १२, २०, … यांचा तिसरा, असे अनंत थर. ज्या संचाचा, सांत संख्येचे थर सोडून, बाकी प्रत्येक थराशी छेद सांत असतो, असे संच आयडियलमध्ये घ्या. याला फिन×फिन म्हणतात. हाही बोरेल, हाही मीगर, पण पी-आयडियल नाही. सहनमर्यादा अशी ठेवा: ट(न) = १ भागिले न ला भागणारा २ चा सर्वांत मोठा घात. विषम न साठी १, दुसऱ्या थरावर १/२, तिसऱ्यावर १/४. ही यादी आयडियलच्या अर्थाने शून्याकडे जाते, कारण १/२^क किंवा त्याहून मोठी किंमत पहिल्या काही थरांवरच आहे. आणि कोणताही क्ष घ्या: एका थरावर सहनमर्यादा स्थिर आहे, फ(न, क्ष) शून्याकडे जाते, म्हणून त्या थरावर अपवाद सांत. प्रत्येक थरावर सांत म्हणजे अपवादांचा संच आयडियलमध्ये.

या सिद्धतेत अवकाशाचा उल्लेख कुठेही आला नाही. फलनांच्या सातत्याचाही नाही. वरच्या सुळक्यांच्या उदाहरणालाही हीच यादी चालते. म्हणजे [०, १] काय, जगातला प्रत्येक अवकाश फिन×फिन साठी क्यूएन आहे, आणि गुणधर्माला अर्थ उरला नाही. यारोस्लाव शुपिना यांनी २०१६ मध्ये याची नेमकी सीमा दाखवली: प्रत्येक अवकाश आयडियल-क्यूएन असतो तो तेव्हाच, जेव्हा आयडियल वीक पी-आयडियल नसतो. ढोबळपणे, जेव्हा त्याच्या पोटात फिन×फिन ची थरांची रचना बसवता येते.

तेव्हा तपासणी अशी. आधी थर शोधा. सापडले तर गुणधर्म पोकळ. नाही सापडले आणि आयडियल मीगर पी-आयडियल असेल, तर गुणधर्म जुनाच. उरतात ते मुख्यतः मीगर नसलेले, म्हणजे मॅक्सिमल आयडियल आणि त्यांचे नातेवाईक. तिथे गट मिळत नाहीत, पुनरावृत्तीची युक्ती चालत नाही, आणि उत्तरं झेडएफसीच्या बाहेरच्या गृहीतकांवर लटकू लागतात.

कव्हरांच्या बाजूला यावं तर एक असमतोल दिसतो, जो मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आयडियल-गॅमा-कव्हर म्हणजे ज्यात प्रत्येक बिंदूच्या अपवादांचा संच आयडियलमध्ये असतो. एस-वन(गॅमा, आयडियल-गॅमा) घ्या, आयडियल मीगर. वरचीच युक्ती करा: क-वं कव्हर ग_क मधल्या प्रत्येक स्थानावर ठेवा. पण आता प्रत्येक स्थानावर निवड होते, आणि एकाच गटातल्या वेगवेगळ्या स्थानांवर वेगवेगळे संच निवडले जाऊ शकतात. म्हणून शेवटी ‘क-व्या कव्हरातला एक संच’ मिळत नाही, ‘क-व्या कव्हरातल्या सांत संचांचा संयोग’ मिळतो. असे संयोग गॅमा-कव्हर करतात, हा हुरेविच यांच्या नावाचा गुणधर्म झाला (सुरुवातीला आलेला मेंगर यांचा नव्हे), एस-वन(गॅमा, गॅमा) नव्हे. क्यूएनमध्ये निवडायचं काहीच नव्हतं, फक्त सहनमर्यादा ठरवायची होती. म्हणून तिथे युक्ती पूर्ण वसूल झाली.

याला जोडूनच एक खड्डा. शीपर्स यांच्या प्रमेयाच्या सिद्धतेत शेवटी आपण न_क ना विरळ करून चढत्या क्रमात लावलं. साध्या अभिसरणात उपक्रमिकेने काही बिघडत नाही. आयडियलमध्ये बिघडतं: पूर्णवर्ग स्थानांवर १ आणि इतरत्र ० ही क्रमिका स्टॅटिस्टिकली शून्याकडे जाते, आणि तिची पूर्णवर्गांवरची उपक्रमिका सतत १ आहे. विरळ केलं की स्थानांचे क्रमांक बदलतात आणि आयडियल त्या क्रमांकांवरच बसलेला असतो. आयडियल-डब्ल्यूक्यूएनची व्याख्या वाचताना न_क चढते हवेत का नुसते न_क हवेत, हे आधी बघा. दोन पेपरांत ही अट वेगळी असते आणि प्रमेयं शेजारी ठेवली की जुळत नाहीत.

सुरुवातीचं अभिसरणच आयडियलच्या अर्थाने घेतलं, म्हणजे फलनंच फक्त आयडियल-अर्थाने शून्याकडे जात असतील, तर चित्र खरंच बदलतं, घनतेसारख्या साध्या आयडियललाही. आता बी पुरत नाही. प्रत्येक बिंदू आपला एक घनता-शून्य अपवाद संच घेऊन येतो, आणि त्या सगळ्यांना, प्रत्येकी सांत घटक सोडून, पोटात घेणारा एकच घनता-शून्य संच हवा. बिंदू किती असेपर्यंत तो नक्की मिळतो, हे सांगणारा अंक घनतेच्या आयडियलसाठी लबेग मापाच्या शून्य-संचांच्या अ‍ॅडिटिव्हिटीएवढाच (कमीत कमी किती शून्य-संचांचा संयोग शून्य-संच राहत नाही, तो अंक) निघतो, आणि तो बी पेक्षा मोठा कधीच नसतो. त्या आकारापेक्षा लहान अवकाशासाठी सिद्धता दोन ओळींची: सामाईक अपवाद संच बाजूला काढा, उरलेल्या स्थानांवर अभिसरण साधं झालं, आणि तिथे वरची बी ची सिद्धता लावा. त्याच्यापुढे, म्हणजे त्या अंकाच्या आणि बी च्या मधल्या आकाराच्या संचांवर काय होतं, यासाठी रेपित्स्की यांचे २०२१ चे दोन भागांतले पेपर उघडा. पहिल्या वाचनात सिद्धता सोडून फक्त कोणत्या बाजूचं अभिसरण कोणत्या आयडियलने घेतलंय याचा तक्ता करत जा, कारण तिथे दोन्ही बाजूंना वेगवेगळे आयडियल येतात.